नोट्स म्हणजे नेमक्या कुठल्या नोट्स? नवीन लोकांसाठी पायरी पायरीने

नाशिकमध्ये नोकरीला किंवा शिकायला नवीन आलेल्या पोरापोरींसाठी हे लिहितेय, खास करून ज्यांचं शिक्षण मराठी मिडीयममधून झालंय आणि आता रोज ऑफिसात इंग्रजी कानावर पडतंय. नोट्स हा शब्द आपण शाळेपासून वापरतो त्यामुळे तो आपल्याला येतोच असं आपण धरून चालतो. मग अंबडच्या कंपनीत अकाउंट्सवाले विचारतात व्हेंडरच्या, म्हणजे माल पुरवणाऱ्याच्या, क्रेडिट नोट्स आल्या का, बँकेत कॅशियर म्हणतो सॉइल्ड नोट्स वेगळ्या करा, गंगापूर रोडकडच्या वायनरीत पाहुणा विचारतो व्हॉट नोट्स डू यू गेट, आणि तिन्ही ठिकाणी शब्द तोच पण काम पूर्ण वेगळं. मी सिडकोत संध्याकाळी बोलण्याच्या इंग्रजीच्या बॅचेस घेते, त्याआधी अकाउंट्सला काम केलंय, आणि हा एक शब्द नीट कळला की किती ठिकाणी अडखळणं थांबतं हे मी मुलांच्या बाबतीत बघते, म्हणून इतकं सविस्तर.

पायरी १: अर्थ पाठ करू नका, शेजारचं क्रियापद पकडा

मराठीत आपण एक छान सोय करून ठेवलीय. नोटा म्हटलं की पैसे, नोट्स म्हटलं की वही. कोणाला सांगावं लागत नाही. (मतदानाच्या मशीनवरचा २०१३ पासूनचा नोटा वेगळा, ती इंग्रजी अक्षरांची जुळणी आहे, तिचा इथे संबंध नाही.) इंग्रजीत मात्र पैशालाही नोट्स, वहीलाही नोट्स, गाण्यालाही नोट्स, त्यामुळे शब्दाकडे बघून काहीच कळत नाही, कळतं ते त्याच्या आधी आलेल्या क्रियापदावरून. टेक किंवा मेक आलं तर लिहिण्याचं काम आहे. काउंट किंवा एक्सचेंज आलं तर पैसे. इश्यू किंवा रेझ आलं तर हिशोबाचा कागद. हिट, प्ले, सिंग आलं तर संगीत. पिक अप किंवा गेट, आणि नंतर ऑफ लावून एखाद्या फळाचं नाव, तर वास आणि चव. एवढं डोक्यात बसलं की नवीन वाक्य ऐकलं तरी तुम्ही गडबडत नाही.

याच पायरीत एकवचन-अनेकवचन पण बघून घ्या कारण इथे एका एस वरून अर्थ बदलतो. टेक नोट्स म्हणजे लिहून घ्या. टेक नोट ऑफ म्हणजे लक्षात घ्या, तिथे पेन लागत नाही. साहेबांचा मेल आला प्लीज टेक नोट ऑफ द न्यू शिफ्ट टायमिंग, तर ते सांगतायत की नवीन वेळ लक्षात ठेवा, उशीर करू नका. आणि मेक अ नोट ऑफ इट म्हणजे एवढी एक गोष्ट कुठेतरी टिपून ठेवा, फोन नंबर, तारीख, असं काहीतरी छोटं. लीव्ह अ नोट म्हणजे चिठ्ठी ठेवून जा. हे चार प्रकार आधी पक्के करा, ऑफिसातले बरेचसे गैरसमज इथेच मिटतात.

पायरी २: वहीतल्या नोट्स

आपण मराठीत नोट्स काढतो. सरांनी शिकवलं, मी नोट्स काढल्या. हेच मुलं इंग्रजीत आय रिमूव्ड नोट्स असं म्हणून टाकतात आणि समोरच्याला वाटतं की हिने वहीतली पानं फाडली. काढणे हे क्रियापद इंग्रजीत न्यायचंच नाही. कोणी बोलतंय आणि तुम्ही ऐकत ऐकत लिहिताय, लेक्चर असो, ट्रेनिंग असो, मीटिंग असो, तर टेक नोट्स. पुस्तक समोर ठेवून किंवा व्हिडिओ थांबवत थांबवत, विचार करून, आपल्या भाषेत तुम्ही जे तयार करता ते मेक नोट्स. हा फरक सगळे पाळतात असं नाही, पण पाळलात तर इंटरव्ह्यूमध्ये वाक्य चांगलं वाटतं: आय टूक नोट्स ड्युरिंग द ट्रेनिंग अँड लेटर आय मेड माय ओन नोट्स. कॉलेज रोडला झेरॉक्सच्या दुकानात ज्या बांधीव मिळतात त्या दुसऱ्याने मेक केलेल्या नोट्स, त्या तुम्ही बाय करता किंवा बॉरो करता, टेक म्हटलंत तर ऐकणाऱ्याला वाटेल लेक्चरला बसून तुम्ही स्वतः लिहिल्यात.

मीटिंगच्या बाबतीत अजून एक. मीटिंग नोट्स आणि मिनिट्स एक नाहीत. नोट्स तुमच्या स्वतःसाठी असतात, कशाही लिहा. मिनिट्स म्हणजे मीटिंगचा अधिकृत वृत्तांत, कोण हजर होतं, काय ठरलं, कोणाकडे काम दिलं, आणि तो सगळ्यांना पाठवायचा असतो. साहेब म्हणाले सेंड मी द मिनिट्स आणि तुम्ही वहीच्या पानाचा फोटो पाठवलात तर चालणार नाही. सरकारी ऑफिसात फाइलवर जे लिहितात त्याला टिपणी म्हणतात, इंग्रजीत नोटिंग, तिथे पण शब्द याच घराण्यातला आहे पण तिची पद्धत ठरलेली असते आणि ती तिथल्या सीनियर लोकांकडूनच शिकावी.

कंपेअर नोट्स हा एक प्रयोग आहे ज्याच्यात वही नसतेच. दोघं जण सिन्नरच्या प्लांटला व्हिजिट देऊन आलात, मॅडम म्हणाल्या लेट्स कंपेअर नोट्स, तर म्हणजे तुम्हाला काय दिसलं आणि मला काय दिसलं ते बोलून ताडून बघू. इथे वही शोधत बसू नका, सरळ बोलायला लागा.

आयटीवाल्यांसाठी रिलीज नोट्स म्हणजे नवीन व्हर्जनमध्ये काय बदललं त्याची यादी, आणि कॉमर्सवाल्यांसाठी नोट्स टू अकाउंट्स म्हणजे ताळेबंदाच्या मागे जोडलेला खुलासा. एखाद्या कंपनीचा बॅलन्स शीट बघत असाल तर आकड्यांपेक्षा मी आधी या नोट्स वाचायला सांगेन, कारण आकडा कसा आला ते तिथे लिहिलेलं असतं.

पायरी ३: पैशाच्या नोटा

नाशिकमध्ये राहून हे माहीत नसेल तर वाईट वाटतं मला. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातायत, त्याआधी आपल्याकडच्या नोटा इंग्लंडमध्ये छापून यायच्या. आज देशात चार ठिकाणी नोटा छापतात, नाशिक, देवास, म्हैसूर आणि सालबोनी, त्यातले नाशिक आणि देवास हे केंद्र सरकारच्या कंपनीकडे आहेत आणि बाकीचे दोन रिझर्व्ह बँकेच्या कंपनीकडे. नोटप्रेस आणि शेजारची सिक्युरिटी प्रेस यांच्यावर नाशिकरोडची कितीतरी घरं उभी राहिलीत. एखादी नोट हातात घेऊन मागची भाषांची पट्टी बघा, पंधरा भाषा आहेत, मराठी त्यात आहेच. वीसच्या नव्या नोटेमागे आपलं वेरूळ आहे.

आता इंग्रजी. पाचशेची नोट म्हणजे फाइव्ह हंड्रेड रुपी नोट. रुपीज नाही, रुपी. आकडा नोटेच्या आधी विशेषण म्हणून आला की रुपी एकवचनीच राहतो आणि अनेकवचनाचा एस फक्त नोटला लागतो: टेन फाइव्ह हंड्रेड रुपी नोट्स. एटीएमच्या रांगेत, दुकानात, बँकेत, सगळीकडे हेच. अमेरिकन कस्टमरशी बोलताना मात्र नोट नाही, बिल म्हणायचं, ट्वेंटी डॉलर बिल, आणि आपल्याकडे बिल म्हणजे हॉटेलचं बिल, त्यामुळे कॉल सेंटरला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. ब्रिटिश लोक नोटच म्हणतात.

बँकेत काउंटरवर बसणार असाल किंवा दुकान चालवणार असाल तर दोन शब्द वेगळे ओळखा. सॉइल्ड नोट म्हणजे मळलेली, वापरून खराब झालेली, दोन तुकडे झाले पण दोन्ही तुकडे त्याच नोटेचे आहेत आणि सगळी आहे, तर ती पण यातच. म्युटिलेटेड नोट म्हणजे जिचा एखादा भाग गेलाय किंवा जी अनेक तुकड्यांची आहे. सॉइल्ड नोट बँक पूर्ण किमतीला बदलून देते. म्युटिलेटेडला नियम आहे: वीसपर्यंतच्या नोटेचा सर्वात मोठा सलग तुकडा अर्ध्यापेक्षा जास्त असेल तर पूर्ण पैसे, नाहीतर काही नाही. पन्नास आणि त्यावरच्या नोटेला ८० टक्क्यांपेक्षा जास्त तुकडा असेल तर पूर्ण, ४० ते ८० टक्के असेल तर निम्मे, ४० च्या खाली काही नाही. द्वारका नाहीतर मेन रोडच्या गर्दीत कोणी फाटकी नोट कमी किमतीला घेतो म्हणाला तर देऊ नका, आधी बँकेत जा.

पायरी ४: हिशोबाच्या नोट्स, इथे सावकाश वाचा

सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे कुठेही एमआयडीसीत लागलात, स्टोअर्स असो, परचेस असो, डिस्पॅच असो, या नोट्स तुमच्या टेबलवर येणारच. इथे नोट म्हणजे एक दस्तावेज असतो, त्याला नंबर असतो, तारीख असते, आणि त्याच्यावर पैसे हलतात. म्हणून क्रियापद इश्यू किंवा रेझ. टेक अ क्रेडिट नोट असं म्हणत नाहीत.

माल आत येतो तेव्हापासून धरा. ट्रकबरोबर येते ती कन्साइनमेंट नोट, तिलाच आपण बिल्टी नाहीतर एलआर (लॉरी रिसीट) म्हणतो. ट्रान्सपोर्टवाला ती देतो, माल कोणाचा, कुठून कुठे, किती नग, भाडं कोण देणार, हे तिच्यावर असतं. पार्टीने माल पाठवताना डिलिव्हरी नोट किंवा चलन जोडलेलं असतं. मग तुमचा स्टोअर्सवाला मोजतो आणि जीआरएन करतो, म्हणजे गुड्स रिसीट नोट. ऑर्डर १०० ची, चलनावर १०० लिहिलंय, पण मोजले तर ९८ निघाले, तर जीआरएन ९८ चाच करायचा, चलन बघून १०० टाकायचे नाहीत, कारण पुढे अकाउंट्स त्या जीआरएनवरूनच पेमेंट सोडतं. नवीन मुलांना घाई केली जाते, गाडी उभी आहे, लवकर सही करा, तरी मोजल्याशिवाय सही करू नका.

आता क्रेडिट आणि डेबिट नोट, ज्याच्यात सगळ्यात जास्त गोंधळ. उदाहरण घ्या. तुमच्या कंपनीने १०० पार्ट ५०० रुपयांनी विकले, म्हणजे ५०,००० आणि १८ टक्के जीएसटी ९,०००, बिल ५९,००० चं. कस्टमरने १० पार्ट रिजेक्ट करून परत पाठवले. आता विकणारा, म्हणजे तुमची कंपनी, क्रेडिट नोट काढणार, ५,००० आणि ९०० जीएसटी, एकूण ५,९०० ची. त्याने कस्टमरचं देणं कमी होतं आणि तुमच्या कंपनीचा टॅक्सही तेवढा कमी होतो, आणि कस्टमरने त्या मालावर इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या जीएसटीची वजावट, घेतलं असेल तर त्याला तेवढं परत करावं लागतं. उलट समजा त्या १०० पार्टना बिलात चुकून ४५० चा रेट लागला होता आणि खरा रेट ५०० होता, तर राहिलेल्या ५,००० आणि ९०० साठी विकणाराच डेबिट नोट काढणार.

लक्षात घ्या, जीएसटीच्या कायद्यात, कलम ३४ मध्ये, दोन्ही नोट्स विकणाराच काढतो. पण बाजारात काय होतं, मोठी कंपनी माल रिजेक्ट करते आणि तिचं परचेस डिपार्टमेंटच व्हेंडरला डेबिट नोट पाठवून देतं. ती डेबिट नोट म्हणजे त्यांच्या पुस्तकातली नोंद, व्यवहारातलं पत्र म्हणा, जीएसटीच्या रिटर्नमध्ये टॅक्स कमी करायला ती चालत नाही, त्यासाठी व्हेंडरने स्वतःची क्रेडिट नोट काढायलाच लागते. टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्येही परचेस रिटर्न, म्हणजे परत पाठवलेला माल, डेबिट नोटमध्येच टाकतात, त्यामुळे नवीन माणसाला वाटतं की झालं काम, आणि ते झालेलं नसतं. छोट्या वर्कशॉपवाल्यांचे यात खरंच पैसे जातात, म्हणून मी इथे इतकं थांबतेय. कस्टमरची डेबिट नोट आली की त्याच महिन्यात आपली क्रेडिट नोट काढा आणि रिटर्नमध्ये दाखवा. टॅक्स कमी करायची शेवटची मुदत म्हणजे माल ज्या आर्थिक वर्षात विकला ते संपल्यानंतरचा ३० नोव्हेंबर, किंवा त्याआधी वार्षिक रिटर्न भरलं असेल तर ती तारीख. मुदत गेली की कस्टमरला पैसे सोडता येतात पण टॅक्स तुमच्या खिशातून गेला तो गेला.

टॅलीप्राइमवर बसणाऱ्यांसाठी, ऑल्ट एफ५ ला डेबिट नोट आणि ऑल्ट एफ६ ला क्रेडिट नोट. आणि शेअर्स घेणाऱ्यांसाठी, ब्रोकर ज्या दिवशी व्यवहार झाला त्यानंतर २४ तासांत कॉन्ट्रॅक्ट नोट पाठवतो, मेलमध्ये पडून राहते, ती उघडून भाव आणि चार्जेस बघत जा.

पायरी ५: जिच्यावर सही करायची ती नोट

प्रॉमिसरी नोट, मराठीत वचनचिठ्ठी. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टमध्ये तिची व्याख्या आहे: लेखी असली पाहिजे, बिनशर्त असली पाहिजे, ठराविक रक्कम द्यायचं वचन पाहिजे, आणि देणाऱ्याची सही. त्याच व्याख्येत चलनी नोट वगळलीय, जरी तिच्यावरही मैं धारक को अदा करने का वचन देता हूँ असंच लिहिलेलं असतं. क्रियापद इथे साइन किंवा एक्झिक्यूट.

नवीन गावात आलेली मुलं खोलीच्या डिपॉझिटसाठी, गाडीसाठी, हातउसने पैसे घेतात आणि समोरचा छापील कागद पुढे करतो. रक्कम कोरी असेल तर सही करायचीच नाही, कितीही ओळखीचा असला तरी. रक्कम अंकात आणि अक्षरात, तारीख, व्याज किती, हे सगळं आधी भरून घ्या, मोबाइलवर फोटो काढा, आणि पैसे फिटले की मूळ कागद परत मागून घ्या. आणि तुम्ही पैसे देणारे असाल तर, मागणी करताच परत द्यायच्या नोटेवर कोर्टात जायची मुदत साधारण नोटेच्या तारखेपासून तीन वर्षं असते, त्यामुळे ओळखीचा आहे, देईल, असं म्हणत बसू नका.

पायरी ६: वास आणि चवीच्या नोट्स

वायनरीच्या टेस्टिंग रूममध्ये, हॉटेलात, इव्हेंट कंपनीत काम मिळालं तर हे लागेल, आणि नाशिकमध्ये ते मिळतं, नाशिक व्हॅली वाइनला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, पण आहे. टेस्टिंग नोट्स म्हणजे वाइनच्या रंगाचं, वासाचं, चवीचं वर्णन. इथे नोट म्हणजे एक ओळखू येणारी छटा. आय गेट नोट्स ऑफ ग्वावा म्हणजे मला पेरूसारखा वास येतोय, पेरू टाकलाय असं नाही. पाहुणे हमखास विचारतात की यात फळ घालता का, तर सांगायचं की नाही, वास द्राक्षाच्या जातीतून, आंबवण्यातून आणि लाकडी पिंपातून येतो. सोविन्याँ ब्लांक या जातीच्या द्राक्षाच्या वाइनला ढोबळी मिरचीसारखा हिरवट वास येतो तो द्राक्षातल्याच घटकामुळे, आणि ओकच्या पिंपात ठेवलेल्या वाइनला व्हॅनिलाची छटा येते. इट हॅज ग्वावा म्हणू नका, इट हॅज नोट्स ऑफ ग्वावा म्हणा, ऑफ विसरलात तर वाक्य पडतं. नाक तयार करायला वाइन लागत नाही. भाजी बाजारात पेरू, मोसंबी, ढोबळी, घरी मिरे, लवंग, दालचिनी, एकेक डोळे मिटून हुंगा आणि इंग्रजी नाव मोठ्याने म्हणा. अत्तर आणि परफ्यूमलाही हेच शब्द, लावल्या लावल्या येतो तो टॉप नोट, मग मिडल, आणि शेवटपर्यंत राहतो तो बेस नोट.

पायरी ७: गाण्याच्या नोट्स

हे आपल्याला सोपं जातं. नोट म्हणजे स्वर. सात शुद्ध, चार कोमल, एक तीव्र मध्यम, असे बारा, आणि कीबोर्डच्या क्लासलाही एका ऑक्टेव्हमध्ये, म्हणजे सप्तकात, बाराच शिकवतात. नोटेशन म्हणजे नोट्स नव्हे, नोटेशन म्हणजे स्वर लिहायची पद्धत, स्वरलिपी, आणि आपल्याकडे अशी पद्धत बसवणाऱ्यांत विष्णू दिगंबर पलुस्करांचं नाव मोठं, त्यांनी शेवटच्या वर्षांत नाशिकलाच आश्रम केला होता. बोलण्यात याच अर्थावरून दोन प्रयोग येतात: एंड ऑन अ हाय नोट म्हणजे शेवट जोरात, चांगला झाला, आणि स्ट्राइक द राँग नोट म्हणजे बोलणं प्रसंगाला शोभलं नाही. दोन्हीकडे एकवचन.

पायरी ८: उच्चार आणि सराव

नोट्स म्हणताना ट आणि स जोडून, मध्ये स्वर न आणता. नोटीस झालं तर शब्दच बदलला, आय गॉट द नोटीस म्हणजे कंपनीने नोटीस दिली असा अर्थ होतो आणि ऐकणारा घाबरतो. नॉट्स झालं तर दोरीच्या गाठी.

आता ही वाक्यं मोठ्याने वाचा आणि क्रियापदावरून ओळखा. शी टूक नोट्स बट डिडन्ट टेक नोट ऑफ द डेडलाइन. द सप्लायर हॅजन्ट इश्यूड द नोट्स येट. कॅन यू चेंज धिस नोट? वी शुड कंपेअर नोट्स बिफोर द क्लायंट कॉल्स. पहिल्यात तिने लिहून घेतलं पण मुदत लक्षात घेतली नाही, दुसऱ्यात पार्टीच्या क्रेडिट किंवा डेबिट नोट्स अजून आल्या नाहीत, चौथ्यात कस्टमरचा फोन यायच्या आत आपण दोघं बोलून घेऊ. तिसरं वाक्य मुद्दाम दिलंय, त्यात क्रियापद पुरत नाही, दुकानात म्हटलं तर सुट्टे मागतायत, गाण्याच्या क्लासमध्ये म्हटलं तर हा स्वर बदल म्हणतायत, आणि ऑफिसात कागद पुढे करून म्हटलं तर हे लिहिलेलं बदलून दे, तेव्हा अशा वेळी क्रियापदानंतर लगेच हातात काय आहे ते बघा.